हम सापडली! आणि तिसरं गाणं पुन्हा पहिल्यापासून

मंडळी, हम, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये येणारा विजेचा घुं आवाज, सापडली. ती गिटारमध्ये नव्हती, इंटरफेसमध्येही (गिटार-माईक लॅपटॉपला जोडणारा डबा) नव्हती. घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात होती.

घरीच रेकॉर्ड करतेय त्या अल्बममधल्या सात गाण्यांच्या गिटार झाल्या आणि मिक्सला बसल्यावर प्रत्येक टेकखाली घुं ऐकू आला, हे मागे लिहिलंच होतं. क्लीन गाण्यांत तो खपून जातो. डिस्टॉर्शन लावलं की मात्र बारीकसा आवाजही वर उचलला जातो. दोन ओळींमधली जी शांतता मला या अल्बममध्ये सगळ्यात जास्त हवी आहे, तीच भरून जात होती.

आधी दोष गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपला दिला. ऑनलाइन मागवलेली कॉपर टेप पिकगार्डखाली चिकटवली, तर तिच्या गोंदातून वीज जातच नव्हती. प्रत्येक जोड सोल्डर करावा लागला. ‘शिल्डिंगसाठी’ म्हणून अशी टेप विकतात याचा मला खरंच राग आहे. नाशिकच्या एमजी रोडला जा, मल्टिमीटर लावून बघा, मगच घ्या. टेपने चरचर कमी झाली, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद केल्यावर पूर्ण गेली. घुं तसाच. केबल बदलल्या, तरी तसाच. मग एका रात्री लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घुं एकदम बसला. चार्जर लावला की परत हजर. तेव्हा आठवलं, गिटारच्या तारांवर हात ठेवून गाताना माईकच्या जाळीचा ओठाला बारीक चटका बसायचा. मी समजत होते, थंडीतल्या कोरड्या हवेमुळे बसतो.

वायरमन काकांना बोलावलं. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट, म्हणजे ठीक. फेज-अर्थही जवळपास तेवढाच हवा, तो मात्र ९०च्या आसपास, आणि आकडा एका जागी थांबेना. काकांनी विचारलं, “ताई, अर्थिंग शेवटचं कधी बघितलं होतं?” मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. खड्डा उकरला तर मिठाने पट्टीचा बोल्ट पार खाल्लेला. काकांनी बोटाने दाबला आणि तो भुगा होऊन त्यांच्या हातात आला. नवी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी, नवे नट-बोल्ट, वरून दोन बादल्या पाणी. परत मोजलं: २३०. वर येऊन गेन पूर्ण चढवला, हेडफोन लावले. काही नाही! नुसती खोली. दहा मिनिटं मी तेच ऐकत बसले.

कळकळीने सांगते, हम घालवायला प्लगची तिसरी पिन काढा असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. माझ्या ओठाला बसत होता तो चटका अर्थिंग तुटल्याचाच होता.

आता जुन्या टेकचं काय? रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या ईक्यूने ५०, १००, १५०, २०० हर्ट्झला अरुंद नॉच मारले, म्हणजे तेवढेच आवाज कापले. बाकीची गाणी सावरली, तिसरं कोसळलं. ते जी मध्ये आहे. सहाव्या तारेवरचा जी ९८ हर्ट्झ, त्यावरचा डी १४६.८, वरचा जी १९६. म्हणजे हम आणि माझी पॉवर कॉर्ड (हे तीन सूर एकत्र) एकमेकांना खेटूनच बसलेल्या. हम कापली की कॉर्डचा पायाच जातो. नॉच आणखी अरुंद केला तर सूर घुमल्यासारखा वाजतो. दोन रात्री यातच गेल्या, शेवटी ठरवलं, हे गाणं नव्याने वाजवायचं.

दरम्यान पाचव्या गाण्यावरचा नाशिक ढोल झाला! पाच फुटांवर एकच एसएम५७ माईक, बाकी काही नाही. पहिल्याच टेकला छातीत धडकला. शेवटच्या कडव्याच्या व्होकलमध्ये देवळालीच्या फायरिंग रेंजचा दणका आलाय, पण ८० हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचे आवाज कापणारा) तो बराच दबला. गोधडीच्या आत गायलेला दुसरा टेक त्याहून चांगला आहे, बहुतेक तोच ठेवीन.

हे लिहिताना वरचे आकडे परत बघतेय. ९८ आणि १००. गिटार ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढवली तर जी बरोबर १०० वर येतो, आणि डी जवळपास १५० वर! मोजणीसाठी रेकॉर्ड केलेली दीड मिनिटाची नुसती हम माझ्याकडे अजून आहे. ती तानपुऱ्यासारखी खाली सोडली तर? ग्रिडची वारंवारता थोडी खाली-वर होतच असते, त्यामुळे तो सूर जरासा हलेल, श्वास घेतल्यासारखा. मग हे गाणं तिसरं कशाला, पहिलंच घेते. अल्बम त्या घुंनेच उघडेल आणि पहिल्या ओळीआधी तो झटकन बंद होईल.

बेसही चढवावा लागेल आणि कोरसचे व्होकल पुन्हा घ्यावे लागतील. ट्यूनरचा ए नेहमीच्या ४४० ऐवजी ४४९ वर ठेवलाय, नव्या तारा चढवल्यात. पंखा बंद करून बसतेय.