शहरात ट्रेलर घालायचा नाही

कोल्हापुरातून उत्तरेकडे निघालेला ट्रेलर पुण्यातून न्यायचा नाही, हे मी आमच्या ऑफिसात लावून धरलं आहे. गाड्यांचे रूट ठरवणं हेच माझं काम. मोबाइलवरचा नकाशा शिरोलीतून सरळ सातारा, पुणे, नाशिक, धुळे असा रस्ता काढून देतो. चारचाकीला तो ठीक आहे. लोखंड भरलेल्या ट्रेलरचं गणित वेगळं. खंबाटकीचा बोगदा संपला की लगेच येणारं वळण, नंतर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. डिझेल वाचवायला कुणी तिथं गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात, आणि उताराच्या तळाशी नेमकी शहराची गर्दी असते. त्यातून वाचलात तर नो एंट्रीची वेळ. मग दिवसभर रस्त्याच्या कडेला, डिझेलच्या टाकीवर डोळा ठेवून बसायचं. ड्रायव्हरची झोप होत नाही आणि रात्री तोच माणूस पुढचा घाट चढवतो. मला सगळ्यात जास्त भीती या न झालेल्या झोपेची वाटते.

नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. गोकुळ शिरगावातून मशिनचे दोन बेड, म्हणजे मशिनखालचे लोखंडी पाये, लुधियानाला जायचे होते. माल अठ्ठावीस टनांच्या आसपास, रुंदी अडीच मीटरच्या आत, म्हणजे ओडीसीची (मापाबाहेरच्या मालाची) वेगळी परवानगी लागत नव्हती. बेडखाली लाकडी गुटके, चारी बाजूंनी चेन आणि ती आवळायचे टर्नबकल. गाडी भरून तयार होती, पण २३ तारखेला ऊसदरासाठी शिरोलीच्या पुलावर चक्काजाम झाला आणि महामार्ग दिवसभर बंद राहिला. त्याच दिवशी कार्तिकी एकादशी. आमचा रस्ता पंढरपूरच्या बाजूनं जाणारा, वारकऱ्यांच्या गर्दीत ट्रेलर घालणं मला पटणारं नव्हतं, म्हणून पौर्णिमेपर्यंत गाडी थांबवली. २७ तारखेला उजाडल्यावरच सोडली. हंगामात हातकणंगले-जयसिंगपूर पट्ट्यात रात्रीच्या अंधारात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात आणि कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो.

रूट असा होता: मिरज, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ, टेंभुर्णी, करमाळा, नगर, मनमाड, मालेगाव, धुळे. अंतर थोडं जास्त पडतं, पण पुणे लागत नाही आणि नाशिकही लागत नाही.

२९ ला सकाळी मामांचा फोन आला. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. रात्री त्यांनी बाभळेश्वरजवळ एका ढाब्यावर मुक्काम केला होता.

"दादा, मनमाडचा पूल ढासळलाय म्हणत्यात. समोरनं येणारा टँकरवाला सांगत हुता. काय करू, निघू का?"

"मामा, गाडी हलवू नका. मी सांगतो."

खात्री करून घेतली. मनमाडचा रेल्वेवरचा पूल ब्रिटिशांच्या काळातला. दोन-तीन दिवस अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या होत्या, त्यात पुलाची एक बाजू खचली. सुदैवानं कुणाला इजा झाली नव्हती. पण पुणे-इंदूर रस्त्यावरची सगळी जड वाहतूक याच पुलावरून जायची, शिवाय पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर वेगळेच. पूल कधी सुरू होईल हे कुणालाच सांगता येईना, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नव्हता.

संभाजीनगरकडून जावं तर कन्नडचा औट्रम घाट. तो हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशानं ऑगस्टपासूनच जड वाहनांना बंद होता. दुसरा पर्याय येवल्यावरून विंचूर, लासलगाव आणि चांदवड. नकाशावर तोच सगळ्यात जवळचा. मालकांचाही आग्रह त्याच रस्त्याचा होता. "सगळ्या गाड्या तिकडंच वळल्यात, आपलीच कशाला दुसरीकडं?" मी म्हटलं, सगळ्या वळल्यात म्हणूनच नको. लासलगावात लाल कांद्याची आवक सुरू झालेली, रस्त्यावर ट्रॅक्टर आणि पिकअप. रस्ता अरुंद. समोरून दुसरा ट्रेलर आला की एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. आणि साइडपट्टी म्हणजे काळी माती, तीही दोन दिवस पाणी प्यालेली. डाव्या बाजूची चाकं एकदा खचली की गाडी कलते. बेडचा सगळा भार त्या बाजूच्या चेनवर येतो आणि गुटके सुटायला लागतात. एवढं लोखंड कलतं झाल्यावर ते सरळ करायला क्रेन लागते, आणि त्या रस्त्यात क्रेन पोचणार कुठून?

मी तिसराच रस्ता काढला. शिर्डीजवळून समृद्धी महामार्गावर चढायचं. शिर्डी ते भरवीर हा ऐंशी किलोमीटरचा टप्पा त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झाला होता. भरवीरला उतरून घोटी, आणि घोटीहून मुंबई-आग्रा रस्त्यानं नाशिक. आता नाशिक हेही मोठंच शहर. पण सिन्नरहून आलं तर नाशिकरोड, द्वारका असं शहराच्या पोटातून जावं लागतं. घोटीकडून आलं तर उड्डाणपूल द्वारकेवरून अलगद पलीकडे नेऊन सोडतो, खाली उतरायचं कामच नाही. नऊच्या आत समृद्धीला लागलं तर पुलावर दुपारी पोचता येत होतं, संध्याकाळच्या गर्दीच्या बरंच आधी.

मनमाडच्या मानानं हा फेरा सव्वाशे किलोमीटरहून जास्त पडत होता. भरलेला ट्रेलर लिटरला अडीच किलोमीटर देतो, म्हणजे पन्नास लिटर डिझेल, वर समृद्धीचा टोल. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मामांना विचार. ते हो म्हणाले तर जाऊ दे."

मामा म्हणाले, "घोटीकडनं चालतंय. पर राहुडच्या घाटात उजेडात पोचाया पायजे, तेवढं बघा." हा मुद्दा माझ्या लक्षात आणून दिला तो मामांनीच. चांदवडच्या पुढे राहुड घाट लागतो, आणि मनमाडहून वळलेली सगळी वाहतूक चांदवडला त्याच रस्त्यावर येऊन मिळणार होती. म्हणून नाशिकच्या पुढे जेवायला थांबायचं नाही, जेवण भरवीरलाच उरकायचं, असं ठरलं.

दुपारी दीडच्या सुमाराला ओझर ओलांडल्याचा फोन आला. मामांनी राहुड खालच्या गिअरमध्ये उतरवला आणि दिवस मावळायच्या आत मालेगावच्या पुढे एका पेट्रोल पंपावर गाडी लावली. तिथं त्यांनी खाली वाकून एकेक चेन हातानं ओढून बघितली, दोन टर्नबकल अर्धा-अर्धा आटा आवळले आणि मला फोटो पाठवला. गुटके जागच्या जागी होते.

पुढचा प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. सेंधव्याचा बिजासन घाट, इंदूरचा बायपास, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा. पलवलला दिल्लीच्या बाहेरून वळसा घालणाऱ्या पेरिफेरल एक्सप्रेसवेवर चढून थेट कुंडलीला उतरायचं. हा रस्ता २०१८ मध्ये झाला, त्यामुळे पंजाबात जाणाऱ्या आमच्या गाड्यांना दिल्लीत शिरावंच लागत नाही. असा वळसा पुण्याभोवती व्हावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे.

मनमाडचा पूल पुढे दुरुस्त होऊन सुरू झाला आणि आमच्या गाड्या पुन्हा त्यावरून जातात. पण आता रूटच्या कागदावर प्रत्येक टप्प्यापुढे दोन रकाने जास्त असतात. एकात दुसरा रस्ता, आणि दुसऱ्यात ट्रेलर वळवता येईल अशी शेवटची जागा. मनमाडच्या टप्प्यापुढे तिथं शिर्डीचं नाव आहे. तो रकाना मी मामांना विचारल्याशिवाय भरत नाही.