'ऑफेलिया' बघायच्या आधी चादर दुमडा

जॉन एव्हरेट मिलेचं 'ऑफेलिया' हे चित्र (शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधली, पाण्यात बुडणारी तरुणी) आपल्यापैकी बहुतेकांनी मोबाइलवरच पाहिलेलं असतं, म्हणजे पोस्टकार्डाहूनही लहान. मूळ चित्र लंडनला टेट ब्रिटनमध्ये आहे, ७६.२ बाय १११.८ सेंटिमीटरचं. या मापाचा अंदाज यायला सोलापुरात टेप शोधायची गरज नाही. घरातली ६० बाय ९० इंची चादर घ्या, एकदा उभी आणि एकदा आडवी दुमडा. ३० बाय ४५ इंच, जवळपास तेवढंच माप. लांब बाजू आडवी ठेवून ती भिंतीवर टाचा. वरचे दोन कोपरे मनातल्या मनात गोल करा, चित्र वरून कमानदार आहे. एवढ्याशा जागेत काठावरचं पान न् पान रंगवलंय हे ध्यानात आलं की मग स्क्रीन उघडा.

आणि चेहऱ्यापासून सुरुवात करू नका.

१८४८ साली लंडनमध्ये सात तरुणांनी प्री-राफेलाइट, म्हणजे राफेलच्या आधीच्या चित्रकारांना मानणारं, मंडळ काढलं. त्यांतले मिले, हंट आणि रोझेटी हे तिघे आज सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं भांडण रॉयल अकादमी या लंडनच्या मातब्बर कलासंस्थेच्या शिकवणुकीशी होतं: मधोमध उजेड, कडेला तपकिरी अंधार, आणि कोपऱ्यात काय आहे ते कुणी विचारायचं नाही. तो अंधार गडद करायला डांबराच्या जातीचा बिट्युमेन वापरत. बिट्युमेन पुरता वाळतच नाही; वरचा थर आकसतो आणि चित्राला मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. या पोरांनी तो तपकिरी चिखल टाकून दिला आणि पांढऱ्या अस्तरावर काम सुरू केलं.

हंटने लिहून ठेवलेली पद्धत अशी. पांढऱ्या रंगातलं जादा तेल टिपकागदाने शोषून घ्यायचं, त्यात अगदी थोडं वार्निश घालायचं आणि त्या दिवशी जेवढा भाग पुरा होईल तेवढ्याच भागावर तो पांढरा थर द्यायचा. कोरड्या ब्रशने ठोकून तो सपाट करायचा. खालचं रेखाटन त्यातून दिसत राहिलं पाहिजे. मग ओल्या थरावरच सेबलच्या (मऊ प्राणिकेसांच्या) बारीक ब्रशने पारदर्शक रंग अलगद ठेवायचे. उजेड रंगातून आत शिरतो, पांढऱ्यावर आपटून परत येतो, म्हणून लाल-हिरवे रंग आतून पेटल्यासारखे वाटतात. हात जरा जड पडला की खालचा पांढरा उचलला जातो आणि रंग खडूसारखा फिका होतो. गिरवायला वाव जवळजवळ नाही.

ऑफेलियाची मॉडेल म्हणून पाण्याच्या टबात पडून एलिझाबेथ सिडलला सर्दी झाली, हा किस्सा सगळे सांगतात. चित्र बघताना त्याहून उपयोगी गोष्ट वेगळी आहे: काठ आधी रंगवलाय, मुलगी नंतर. जुलै ते नोव्हेंबर १८५१ मिले सरे परगण्यात हॉग्जमिल नदीकाठी बसला होता. आकृतीसाठी जागा सोडली होती, ती हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत भरली. त्यामुळे झगा आणि शेवाळ जिथे भेटतात तो सांधा मोठा करून बघा. एकाच वेळी फुलणार नाहीत अशी फुलं शेजारी-शेजारी दिसतात, त्याचं एक कारण हे पाच महिने. उजव्या कडेपासून सावकाश डावीकडे या: काठावरची फुलं, हाताजवळचं अफूचं लाल फूल, गळ्यातली व्हायोलेटची माळ, आणि डावीकडे वर विलोच्या झाडाच्या फांदीवर बसलेला रॉबिन पक्षी. चेहरा वाटेत येतोच.

मोबाइलचा नाइट मोड आधी बंद करा, तो सगळं पिवळं करतो. फाइल संग्रहालयाच्याच संकेतस्थळावरची घ्या. जुन्या पुस्तकांवरून स्कॅन केलेल्या प्रती नेटवर ढिगाने आहेत. ओळखायची खूण म्हणजे झगा. तो चंदेरी-करडा हवा. चहाच्या रंगाचा दिसला तर फाइल सोडून द्या.

प्रिंट काढायची तर पूर्ण मापाला इंचामागे १५० पिक्सेल धरून साधारण ६६०० बाय ४५०० पिक्सेल लागतात. दुकानदार फ्लेक्स सुचवेल, ऐकू नका. मॅट कागद किंवा कॅनव्हास सांगा आणि आधी हिरव्या भागाची एक पट्टी छापून बघा. छपाईच्या शाईत हा हिरवा हमखास खाकीकडे झुकतो. फाइल लहान असेल तर अख्खं चित्र ताणण्यापेक्षा नुसत्या काठाचा तुकडा ए-थ्रीवर छापलेला बरा.

राजा रविवर्म्याचा जन्मही १८४८ चाच. पण त्याची घडण त्याच अकादमी वळणाची, नायिका उजळ आणि मागचं सगळं शांत. देवघरातल्या जुन्या ओलिओग्राफवर (तैलचित्राच्या छापील प्रतीवर) वाढलेली आपली नजर म्हणून थेट चेहऱ्याकडे धावते. तैलरंगाचा खरा पृष्ठभाग बघायचा असेल तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत.

सोलापूरकराला खरं तर कडेपासून कडेपर्यंत बघायची सवय असायला हवी. मागावर मध्य आणि कोपरा असा भेद नसतो. याच वर्तुळातल्या विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये फ्रान्सहून विणकर आणून जॅकार्ड माग (भोकं पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणारा) सुरू केला. त्याचं १८७८ चं 'बर्ड' हे लोकरीचं दुहेरी विणीचं कापड आहे. चादर उलटून नक्षी तपासणाऱ्याला त्यात काय केलंय ते सांगावं लागणार नाही.

'ऑफेलिया'नंतर हंटचं १८५२ चं 'अवर इंग्लिश कोस्ट्स' घ्या. ४३ बाय ५८ सेंटिमीटर, म्हणजे दुमडलेल्या चादरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. त्यात मेंढ्यांच्या कानांतून ऊन आरपार आलंय आणि लोकरीच्या सावल्या निळ्या-जांभळ्या आहेत, काळ्या नाहीत.