निम्मी मुलं सुधारली, पण निम्मी कशाची?

बालपोषणावर काम करणाऱ्या छोट्या संस्थांच्या कार्यकर्त्यांसोबत आज मूल्यमापनाची बैठक झाली. लॉगफ्रेम (उद्दिष्टं आणि ती मोजायच्या खुणांचा तक्ता), थिअरी ऑफ चेंज (कामातून बदल कसा घडेल याची मांडणी) पटकन उरकलं. खरा वेळ गेला छेदावर, म्हणजे टक्के काढताना कशाने भागायचं यावर.

समजा, सुरुवातीला ८० मुलं मोजली, शेवटी ४८ सापडली, त्यातली २४ सुधारली. अहवालात छापतात ५० टक्के. ८० ने भागा, ३० टक्केच येतात. उरलेली ३२ कुठे? पालघरकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, आणि जाणारी बहुधा सगळ्यात नडलेली असतात. म्हणून नोंदवहीत ‘स्थलांतर, कुठे, कधी’ हा रकाना हवाच.

दुसरी गफलत ऋतूची. पहिली पाहणी ऑगस्टात, शेवटची फेब्रुवारीत. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, वर जुलाब-ताप; त्यामुळे काहीही न करता फेब्रुवारीचे आकडे बरे दिसू शकतात. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करा. (निधी मार्चअखेर संपतो हे कारण मोजमापाला कळत नाही!)

मग दंडाची पट्टी, म्हणजे कुपोषण ओळखायला दंडाचा घेर मोजतात ती. डावा हात, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये खूण, मोजताना हात सैल सोडलेला. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ११.५ सेंमीखाली तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत मध्यम. पट्टी जरा आवळली की मूल कागदावर तीव्र गटात. म्हणून दोघांनी तीच दहा मुलं एकमेकांचे आकडे न बघता मोजायची; ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला की पुन्हा सराव.

पुढच्या बैठकीला पीपीटी नको, मूळ नोंदवह्या आणा म्हटलंय.