भट्टीचा कंट्रोलर: टाइमआउटपासून ‘०२’पर्यंत

वहिनींच्या मातीकामासाठी विजेची छोटी भट्टी बांधतोय, हे मंडळींना माहीत आहेच. आता तिचं तापमान लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं काम चाललंय. कंट्रोलर ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून उचललेला जुना पीआयडी, म्हणजे मोजलेल्या तापमानानुसार हीटर कमी-जास्त करणारा डबा. मागे आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीचे दोन स्क्रू, आत मोडबस आरटीयू ही संदेशांची भाषा, मॅन्युअलचा पत्ता नाही. ऐरोलीच्या बाल्कनीत वायरी जोडल्या आणि काही विचारलं की एकच उत्तर: टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत जबाबच नाही.

टाइमआउट दिसला की हात आधी लॅपटॉपला आरएस-४८५ जोडणारा नवा कन्व्हर्टर मागवायला जातो. थांबा. सीआरसी (संदेशाच्या शेवटचे तपासणीचे आकडे) किंवा पॅरिटी (प्रत्येक अक्षरामागचा तपासणीचा बिट) जुळली नाही तर मोडबसचा स्लेव्ह, म्हणजे उत्तर देणारं उपकरण, आलेला संदेश मुकाट्याने टाकून देतो, तक्रारसुद्धा करत नाही. त्यामुळे कंट्रोलर ठणठणीत असूनही गप्प असू शकतो. पहिली शंका ए-बी वायरींची घ्यावी; एका कंपनीचा ‘ए’ तो दुसरीचा ‘बी’, आणि अदलाबदल करून पाहिल्याने काही जळत नाही. मग बॉड (संदेशाचा वेग) आणि पॅरिटी. मानकात ईव्हन पॅरिटी ठरलेली आहे, बाजारातले कित्येक कंट्रोलर मात्र ‘नन’वर (पॅरिटीच नाही) असतात. माझ्या पठ्ठ्याच्या मेनूत ९६०० आणि पत्ता १ दिसतो, पॅरिटी दिसतच नाही. ईव्हन निघाली.

ती बसवल्यावर खरी गंमत. मी शून्य क्रमांकाचं रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) मागितलं; आकडे हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचे:

०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए

आणि परत आलं:

०१ ८३ ०२ सी० एफ१

सॉफ्टवेअरने लालभडक अक्षरांत ‘इल्लीगल डेटा ॲड्रेस’ दाखवलं आणि मी उडीच मारली! ०३ ही वाचायची आज्ञा; चूक कळवताना तिचा ८३ होतो आणि मागचा ०२ कोणती चूक ते सांगतो. म्हणजे कंट्रोलरने प्रश्न वाचला, सीआरसी तपासला आणि ‘हे रजिस्टर माझ्याकडे नाही’ असं रीतसर कळवलं. वायर, बॉड, पॅरिटी, पत्ता सगळं एका फटक्यात पास. एवढी माहिती देणारा दुसरा एरर मला तरी ठाऊक नाही. उरला फक्त रजिस्टरचा शोध. मॅन्युअलांच्या कागदावरचं रजिस्टर ४०००१ हे तारेवर शून्य असतं, त्यामुळे एकाचा फरक नेहमी धरून चालायचं. एकेक पुढे सरकत गेलो तेव्हा एका जागी ०१ ४० आलं, म्हणजे ३२०, आणि डिस्प्लेवर ३२.०. दशांश चिन्ह तारेवरून येत नाही, ते आपण द्यायचं.

आता अधूनमधून सीआरसी एरर येतो, तोही नेमका कॉन्टॅक्टर (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) सुटताना. रबाळ्याच्या एमआयडीसीत मेन्टेनन्सला असलेल्या मित्राने फोटो पाहूनच सांगितलं, ‘अरे, कॉइलवर स्नबर कुठाय? आणि सिग्नलची वायर हीटरच्या वायरीला का चिकटवलीयस?’ स्नबर म्हणजे कॉइल सुटतानाचा विजेचा झटका शोषणारा भाग. पिळाची शिल्डेड वायर वेगळ्या बाजूने नेली, शिल्ड एकाच टोकाला अर्थ केली. एरर बरेच कमी झाले. मीटरभर अंतराला १२० ओहमचं टर्मिनेशन (तारेच्या टोकाचा रेझिस्टर) लागत नाही, ते लावलेलं नाही. स्नबर अजून यायचाय.

पुढचं काम सेटपॉइंट (हवं असलेलं तापमान) लॅपटॉपवरून लिहायचं, फंक्शन ०६ ने, म्हणजे रजिस्टरमध्ये लिहायच्या आज्ञेने. हे दर सेकंदाला लिहिणार नाही. जुन्या कंट्रोलरांत असं लिहिलेलं बऱ्याचदा थेट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जातं आणि तिचं लिहिण्याचं आयुष्य मोजकं असतं. आकडा बदलला तरच लिहायचं, असा प्रोग्रॅम बसवतोय. रॅम्प-सोकचे (तापमान हळूहळू चढवून धरून ठेवण्याचे) रजिस्टर कुणी शोधून काढले असतील तर सांगा.