देवचाराची लेव्हल किती?

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला तो वही काखोटीला मारूनच. तो आणि त्याचे मित्र फाशांचा एक खेळ खेळतात. त्यात ड्रॅगन, जिन, पिशाच्चं असतात आणि प्रत्येकाचं एक कार्ड असतं: रूप, शक्ती, कमजोरी आणि किती वार सोसेल तो आकडा. या खेपेला साहेबांना कोकणातली भुतं हवी होती. "मामा, देवचाराची लेव्हल किती धरू?" देवचार म्हणजे आमच्याकडचा गावाची राखण करणारा, न दिसणारा राखणदार.

मी त्याला मोठ्या काकीकडे पिटाळलं. काकी मागच्या पडवीत हाताला खोबरेल चोपडून फणस फोडत होती. मान वर न करता तिनं उलट विचारलं, "कोणाचो देवचार?"

"कोणाचा म्हणजे?"

"आपलो व्हाळापर्यंत. व्हाळापलीकडे दुसरो. तेका आपण रोट दिवक नाय." व्हाळ म्हणजे ओढा, रोट म्हणजे देवचाराला द्यायचा नैवेद्य.

दिसतो कसा, तर खांद्यावर कांबळां, हातात दांडो. रात्री काठी आपटल्याचा आवाज येतो, कधी विडीचा वास येतो. आणि तोंड? "तोंड कोणी बघूक नाय." भाच्यानं शेवटचा फासा टाकला: आपला आणि पलीकडचा भांडले तर कोण जिंकेल? काकीनं हातातली फणसाची फोड बाजूला ठेवली. "कित्याक भांडतले? हद्द ठरलेली आसा मां."

मी इतकी वर्षं हे ऐकतोय, पण त्या वहीतले रकाने बघेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. आमच्या राखणदाराला शरीर असं नाहीच, सामान आहे. कांबळं, काठी, विडी. आणि शक्ती म्हणाल तर तीही अंगात नाही, जमिनीत आहे. ह्या दगडापासून त्या व्हाळापर्यंत तो सर्वशक्तिमान, पुढे त्याला कोण विचारतो? वर्षाची राखण, म्हणजे त्याचा नैवेद्य, चुकली तर तो गुरं अडवणार, माणसाला रानात फिरवणार. दिली की तोच वाट दाखवणार. गाऱ्हाणं घालताना सगळं 'व्हय म्हाराजा' म्हणून ठरवून घेतात. निम्मा देव, निम्मा भाडेकरार.

कागदावर उतरवायचा उद्योग भाच्याच्या आधीही झालाय. जॅक्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं शाळामास्तरांना प्रश्न पाठवून कोकणातली भुतं गोळा केली. १९०९ साली नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या घातल्या तो हाच जॅक्सन. त्याचे कागद पुढे एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं १९१५ साली छापले. त्यात मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, बुडून मेला तो गिऱ्हा, अशी मरणावरून वर्गवारी आहे. जनगणनेसारखी.

हडळीची गोष्ट मात्र वेगळी. तिला शरीर आहे, चांगलं भरपूर. पुढून देखणी, मागून नुसता सापळा, पावलं उलटी. बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेलेली बाई हडळ होते म्हणतात. पुरुष मेला तर त्याला काठी आणि हद्द, बाई मेली तर तिची पाठ बघा, पाय बघा. पावसात खाडीपलीकडून सुईण वेळेत पोचली नाही ह्यात त्या बाईची काय चूक? भाच्यानं कार्डावर 'कमजोरी' लिहायला पेन उचललं, तेव्हा मी हे बोललो. त्यानं तो रकाना कोरा सोडला.

चकव्याला तर रूपच नाही. मला तो एकदा लागलाय. कॉलेजात असताना दशावतार अर्धा टाकून शिरोड्याच्या मिठागरांतून एकटाच निघालो आणि त्याच मोडक्या फळीपाशी तिसऱ्यांदा आलो. मिठागराचे बांध सगळे सारखे, चांदणं नाही, डोळ्यांवर झोप, हे मला आज कळतं. तेव्हा काकीचं ऐकलं: चकवो लागलो की बस, चालू नको. बसलो. उजाडल्यावर समोर शंभर पावलांवर रस्ता, त्यावरून पाववाल्याची सायकल चाललेली.

शेवटी भाच्याला आरवलीला वेतोबाकडे, तिथल्या राखणदार देवाकडे, नेलं. केळ्यांचा घड घेतला. लोकांनी वाहिलेल्या चामड्याच्या वहाणा तिथे ठेवलेल्या असतात, माणसाच्या पायाच्या दुप्पट लांब. रात्री तो त्या घालून गावं फिरतो, म्हणून झिजतात, अशी श्रद्धा. पोरानं पुजाऱ्यांना विचारून लांबूनच वीत धरली. मग मोबाईलवर हिशेब: पाऊल म्हणजे उंचीच्या साधारण १५ टक्के, वहाण ५२ सेंटीमीटर, म्हणजे देव अकरा फुटांच्या वर. खूश झाला. रूपाचा आकडा मिळाला एकदाचा.

मग खाली वाकून बघत राहिला. एका जोडाचा उजवा तळ टाचेला बाहेरच्या बाजूनं घासलेला होता, शिवणीचे दोरे वर आलेले. माझ्या वडिलांची चप्पल अशीच झिजायची, त्यांचा त्या पायाचा गुडघा दुखायचा.

"मामा, हा लंगडतो का रे?"

घरी आल्यावर त्यानं तेच काकीला विचारलं. "इतक्या गावांचा फिरणां," काकी म्हणाली, "पाय दुखतले नाय?" आणि गऱ्यांची परात त्याच्यापुढे सरकवली.