घर बघून गेले, काय म्हणाले?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं घर विकायला काढलं त्या काळात रोज रात्री साडेनऊला, म्हणजे सांगलीत सकाळचे सात वाजलेले असताना, आईचा फोन यायचा. प्रश्न ठरलेले: "आज कोणी येऊन गेलं का? काय म्हणाले?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे तास-मिनिटांसकट असायचं. दुसऱ्याचं बहुतेक दिवशी नसायचंच. आईला ते काही केल्या पटत नव्हतं. "अगं, तुझ्या घरात फिरून गेले आणि काय म्हणाले ते तुलाच माहीत नाही?"

तिचं आश्चर्य मला समजत होतं. बाबांनी विश्रामबागचा फ्लॅट विकला तेव्हा मी तिथेच होते. ब्रोकर पार्टी घेऊन यायचा, बाबा दार उघडायचे, आई चहा टाकायची. आलेल्या बाई ओट्याशी उभ्या राहून वितीने ओटा मोजायच्या, नळ सोडून बघायच्या, पाणी किती वाजता येतं ते विचारायच्या. "ओटा लहान पडेल हो," हे आईच्या समोरच सांगायच्या. जाताना सगळेच "कळवतो" म्हणायचे, पण कोणाचं "कळवतो" खरं आणि कोणाचं नुसतं म्हणायचं, हे ती मंडळी जिना उतरेपर्यंत बाबांना कळलेलं असायचं.

इथे विकणारा आणि बघणारा यांची गाठच पडत नाही. नवऱ्याची नोकरी नॉर्थ कॅरोलिनात गेली म्हणून 2025 च्या एप्रिलमध्ये आम्ही घर बाजारात आणलं. खरेदीदाराचा एजंट फोनवरच्या अ‍ॅपवरून वेळ मागतो, उद्या चार ते साडेचार, आपण होकार द्यायचा आणि पावणेचारला घराबाहेर पडायचं. जाताना सगळे दिवे लावायचे, कचरा बाहेर नेऊन टाकायचा, बेसिनमध्ये एक चमचासुद्धा राहू द्यायचा नाही. दाराच्या कठड्याला किल्लीची पेटी लटकवलेली असते. ती एजंटच्या फोनने उघडते, आणि कोणी किती वाजता उघडली याची नोंद आमच्या एजंटबाईंकडे लगेच जाते. तो अर्धा तास मी आणि लेक ओक ट्री रोडवर दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून काढायचो. अकरा वर्षं ज्या घरात राहिलो त्यात आत्ता कोण आहे, कुठलं कपाट उघडतंय, याचा विचार करत बसणं मला फार जड गेलं.

बघणं संपलं की खरेदीदाराच्या एजंटला आपोआप एक ईमेल जाते. आमच्याकडे त्यासाठी शोइंगटाइम नावाची प्रणाली वापरत होते. अमेरिकेत ती बरीच चालते, आणि 2021 साली झिलो या घरांचं संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीने ती विकत घेतली. चार-पाच प्रश्न असतात. तुमच्या ग्राहकाला रस आहे का? किंमत कशी वाटली? घराची अवस्था कशी आहे? काय आवडलं, काय नाही? उत्तर आलं नाही तर पुन्हा आठवण जाते. तरीही अर्ध्याहून जास्त लोकांनी आम्हाला काहीच लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांचं साधारण एकच वाक्य असायचं: घर छान आहे, आमच्या ग्राहकासाठी योग्य वाटलं नाही. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे पत्रिका जुळत नाही." अगदी तेच! नकार देताना समोरच्याला दुखवायचं नाही आणि कारणही द्यायचं नाही, यासाठी प्रत्येक समाजाने एकेक वाक्य घडवून ठेवलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात या मौनाचा मला राग यायचा. आमच्या एजंटबाई जवळजवळ तीस वर्षं या व्यवसायात आहेत. त्यांनी मला एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बसवून नीट समजावलं. समोरचा एजंट खरेदीदाराचा माणूस असतो. त्याच्या ग्राहकाला आपलं घर मनापासून आवडलं आणि त्याने ते तसंच लिहून टाकलं, तर आपण किंमत एक डॉलरनेही खाली आणणार नाही. म्हणून ज्याला घर खरोखर हवं आहे तो बऱ्याचदा गप्प राहतो, किंवा मुद्दाम चार दोष काढतो. ग्राहकाचं मन ग्राहकाच्या परवानगीशिवाय उघड न करणं हे त्या एजंटचं कर्तव्यच आहे. आता तर ते नातं आणखी कागदावर आलंय. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेने 2024 च्या मार्चमध्ये कमिशनबद्दलचा मोठा दावा मिटवला, त्यातून 17 ऑगस्ट 2024 पासून घर बघायला जाण्याआधीच खरेदीदाराने आपल्या एजंटशी लेखी करार करायचा असा नियम आला. हे ऐकल्यावर माझा राग ओसरला. उद्या आपणही नॉर्थ कॅरोलिनात घर बघणार आहोत, तेव्हा आपल्या एजंटने आपल्या मनातलं असंच जपावं असं मला वाटणार नव्हतं का?

मग खरं कळतं कसं? फॉर्मपेक्षा फोनवर, हे बाईंचं उत्तर. त्या दर संध्याकाळी समोरच्या एजंटला स्वतः फोन करायच्या. "आवडलं का?" असं कधी विचारायच्या नाहीत. "त्यांनी कुठलं घर घेतलं?" हा त्यांचा आवडता प्रश्न, कारण ज्याने दुसरं घर घेतलं त्याला आता आपल्यापासून काही लपवायचं नसतं. आणि त्यांनी घेतलेल्या घरात काय होतं जे आपल्यात नाही, ते त्यातून स्वच्छ दिसतं. पेटीची नोंद आणि दारावरच्या कॅमेऱ्यातली बाहेर पडण्याची वेळ यांचीही त्या सांगड घालायच्या. आठ मिनिटांत बाहेर पडलेल्यांना फोन करण्यात त्या वेळ घालवत नसत. चाळीस मिनिटं रेंगाळलेल्यांना मात्र दोनदा करायच्या.

एकदा मला मोह झाला. लेक लहान असताना घेतलेला, आवाजासकट सगळं टिपणारा कॅमेरा माळ्यावर होता. तो पुस्तकांमागे ठेवला तर? बाईंनी ऐकताक्षणी हात वर केला. आपण हजर नसताना दोन परक्या माणसांचं बोलणं त्यांच्या नकळत टिपणं हा इथे गुन्हा आहे, न्यू जर्सीच्या कायद्यानेही आणि देशाच्या कायद्यानेही. किमान एका बोलणाऱ्याची तरी संमती लागते, आणि घरमालक त्या बोलण्यात नसतोच. मी तो कॅमेरा त्याच दिवशी देऊन टाकला.

दुसऱ्या आठवड्यात ते वाक्य आलं. एका एजंटने फॉर्ममध्ये लिहिलं होतं: घरात शिरताच मसाल्यांचा तीव्र वास येतो. मी ते फोनवर वाचलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. या घरात माझ्या लेकीचं बारसं झालं, सासूबाईंनी इथे पुरणपोळ्या लाटल्या, थंडीत इथेच कुळथाचं पिठलं रटरटलं. त्या सगळ्याला कोणीतरी नाक मुरडलं असं वाटलं. मी बाईंना विचारलं, हे घराबद्दल आहे की आमच्याबद्दल?

त्यांनी प्रश्न टाळला नाही. त्यांनी 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यापासून सुरुवात केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात त्यावर सही झाली. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून भेद करायला तो मनाई करतो. म्हणून तर "इथे कुठले लोक राहतात?" असं खरेदीदाराने विचारलं तरी एजंट उत्तर देत नाही. "त्याने तुमच्या माणसांबद्दल एक शब्द लिहिला असता तर मी तक्रार केली असती," त्या म्हणाल्या. "पण त्याने वासाबद्दल लिहिलंय. आणि तो वास आहे. मलाही येतो. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, माझं धाडस झालं नाही." तीस वर्षांच्या अनुभवी बाईला माझ्याशी ते बोलायला दोन आठवडे लागले! मला तो वास कधीच आला नव्हता. राहणाऱ्याला आपल्या घराचा वास येतच नाही.

कारण शोधलं तेव्हा ते अगदी साधं निघालं. आमच्या शेगडीवरचा पंखा मायक्रोवेव्हच्या पोटातच बसवलेला आहे. इथल्या पुष्कळ घरांत तसाच असतो. तो धूर बाहेर टाकतच नाही, कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. तो फिल्टर काही महिन्यांनी बदलायचा असतो, आम्ही अकरा वर्षांत एकदा बदललेला. म्हणजे अकरा वर्षांच्या फोडण्या गालिच्यात, पडद्यांत आणि भिंतींच्या रंगात जाऊन बसल्या होत्या. जाळ्या धुतल्या, फिल्टर बदलला, पडदे काढून टाकले, गालिचे वाफेने धुवून घेतले, स्वयंपाकघराच्या भिंतींना आधी वास दाबणारा शेलॅकचा प्रायमर आणि मग रंग दिला. त्यानंतर फोडणी गॅरेजमध्ये, इंडक्शनच्या शेगडीवर, दार वर करून. अमेरिकेत घर घेतलेल्या माझ्या मैत्रिणींनो, विकायचं असो वा नसो, आज उठून तो फिल्टर बघा. आणि जमलं तर बाहेर धूर टाकणारा पंखा बसवून घ्या.

देवघर मात्र मी हलवलं नाही. भिंतीवरचे कौटुंबिक फोटो काढून ठेवा, असं बाईंनी सांगितलं होतं, ते सगळेच सांगतात. देवघराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. त्यावरून एकही शेरा आला नाही. उलट आपल्याच लोकांकडून वेगळा शेरा यायचा: दार दक्षिणेला आहे. एडिसनमध्ये एजंट कुठल्याही देशाचा असो, वास्तू हा शब्द त्याला ठाऊक असतो. चार भारतीय कुटुंबांनी तेवढ्यावरून घर सोडलं. बाईंचा हिशेब सरळ होता. एकाने सांगितलं तर ऐकून घ्यायचं, तिघांनी तेच सांगितलं तर खरं मानायचं. दुरुस्त होण्यासारखं असेल तर दुरुस्त करायचं, नाहीतर किमतीत धरायचं. दाराची दिशा काही फिरवता येत नाही.

किमतीचं खरं उत्तर खरेदीदारांकडून आलंच नाही, ते एजंटांकडून आलं. एका मंगळवारी सकाळी बाईंनी फक्त एजंटांसाठी घर खुलं ठेवलं, सँडविच मागवले आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली: हे घर किती पैशांना जाईल? नाव लिहायचं नाही. आम्ही मागत होतो 6,25,000 डॉलर. बाराजण आले, त्यातल्या दहांनी सहा लाखांच्या आसपास किंवा खालीच आकडा लिहिला. नवऱ्याने त्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि आम्ही दोघं बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. आमच्या भागात त्या वसंतात चांगलं घर पहिल्या शनिवार-रविवारीच उचललं जात होतं. आमचं तिसऱ्या आठवड्यात तसंच उभं होतं, तेही एक उत्तरच होतं. किंमत 5,99,000 केली. त्यामागे आणखी एक कारण होतं: लोक संकेतस्थळावर "सहा लाखांपर्यंत" असं लिहून शोधतात, त्यांना आमचं घर आजवर दिसलंच नव्हतं.

त्या शनिवारी नऊ शोइंग झाली. फॉर्म दोनच भरून आले. आणि ज्यांनी एक अक्षरही लिहिलं नव्हतं, त्यांच्यातल्या एका जोडप्याने सोमवारी दुसऱ्यांदा वेळ मागितली आणि रात्री लेखी प्रस्ताव पाठवला. वकिलांनी करार तपासायचे तीन दिवस, जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची तपासणी, बाकी सगळं रीतसर पार पडलं.

जूनमध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीत आम्ही घरं बघायला लागलो. आता गाडीत वाट बघत बसलेली माणसं दुसरीच कोणीतरी होती. एका घराबाहेर आमच्या नव्या एजंटने फोन उघडून विचारलं, "त्यांचा फॉर्म आलाय, काय लिहू? की सोडून देऊ?" घर आम्हाला घ्यायचं नव्हतं, त्यामुळे लपवण्यासारखं काही नव्हतं. तिथे घरं जमिनीपासून थोडी उचलून बांधतात, खाली रांगत जाण्याएवढी पोकळी असते, आणि उन्हाळ्यात हवा फार दमट. आत शिरताच कुबट वास आला होता. मी तिला लिहायला सांगितलं: बाग सुरेख राखली आहे. दाराजवळ ओलसर वास येतो. तुम्हाला तो जाणवत नसेल, राहणाऱ्याला जाणवत नाही. खालची पोकळी एकदा बघून घ्या.

तीन दिवसांनी उत्तर आलं. पोकळीत जमिनीवर अंथरलेलं प्लास्टिक फाटलं होतं, बदलायला माणूस बोलावलाय, सांगितल्याबद्दल आभार. त्या रात्री आईचा फोन आला तेव्हा ते तिला पूर्ण वाचून दाखवलं.