तारीख आधी, मग वाघीण: एक्स-२६ चं काम कुठवर आलं

मंडळी, मागच्या वेळी सांगितलेली मालगाडीची लाकडी वाघीण (वॅगन), म्हणजे तिचं छोटं मॉडेल, अखेर चाकांवर उभी राहिली. पूर्ण झाली असं म्हणणार नाही, पण खोक्यातून बाहेर आली. वेळ बराच गेला. त्यातला निम्मा कामात आणि निम्मा केलेलं काम सोलून काढण्यात.

आधी ओळख. ही पेनसिल्व्हेनिया रेलरोडची एक्स-२६ वर्गाची बंद वाघीण, माप १:८७, म्हणजे मॉडेल रेल्वेतलं आपलं नेहमीचं एचओ माप. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत मालवाहतुकीचा असा चक्काजाम झाला की २८ डिसेंबर १९१७ ला सरकारने सगळ्या रेल्वे कंपन्या ताब्यात घेतल्या आणि १ मार्च १९२० ला परत दिल्या. मधल्या काळात सरकारी रेल्वे प्रशासनाने, म्हणजे यूएसआरएने, ठरावीक नमुन्यांच्या एक लाख वाघिणी मागवल्या. त्यातला एक नमुना पन्नास टनी, एकेरी फळ्यांचा. तशा जवळपास पंचवीस हजार बांधल्या गेल्या आणि सगळ्यात मोठा वाटा, दहा हजारांच्या आसपास, पेनसिल्व्हेनियाला मिळाला. तिथे तिचं नाव एक्स-२६.

एकेरी फळ्यांची म्हणजे पोलादी सांगाडा बाहेर आणि आडव्या फळ्या आतून ठोकलेल्या. दुहेरीत सांगाडा दोन थरांच्या मध्ये लपतो, बाहेरून नुसत्या उभ्या फळ्या दिसतात. मला एकेरी जास्त आवडते. तिची हाडं दिसतात. तिरपे टेके, खांब, बोल्ट, सगळं उघड्यावर. मॉडेल करणाऱ्यासाठी मात्र हाच ताप, कारण चूकही उघड्यावरच दिसते.

आता मुद्द्याची गोष्ट. या वेळी किटचं खोकं उघडण्याआधी झाकणावर मार्करने लिहिलं: ऑक्टोबर १९४३. असं का, ते सांगायला माझी आधीची वाघीण पुरे आहे. ती बघून सगळ्यांनी वाहवा केली होती. लाकूड जुनं, रंग उडालेला, खाली आर्चबार बोग्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, वाघिणीखालची चाकांची चौकट). "जुनी वाघीण, जुनी बोगी" असा माझा हिशेब. पुढे जवळून फोटो काढला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे त्या पट्ट्या-बोल्टांच्या आर्चबार बोग्यांना १९४० पासून दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जायला बंदीच होती. बोल्ट सैल होऊन अपघात व्हायचे म्हणून. दुसरी याहून लाजिरवाणी. बाजूवर वजनाच्या आकड्याशेजारी जी फेरवजनाची (वाघीण पुन्हा कधी तोलली त्याची) बारीक तारीख असते, ती मी डिकॅलच्या (भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांच्या) शीटवरून डोळे मिटून उचलली होती. ती निघाली १९५१ ची. म्हणजे बोगी १९३९ ची, तारीख १९५१ ची आणि माझा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेची मांडणी, १९४३ चा. एकाच वाघिणीत तीन वर्षं नांदत होती, आणि मी तिला "अचूक" म्हणून मिरवत होतो.

तेव्हापासून माझं मत असं की "ही वाघीण बरोबर आहे का" हा प्रश्नच अर्धा आहे. कधीची, ते आधी सांगा. एकच वाघीण वीस-तीस वर्षं चालते. मध्ये बोगी बदलते, ब्रेक बदलतो, रंग बदलतो. एक्स-२६ चंच बघा. पुढे त्यातल्या बऱ्याच वाघिणींच्या फळ्या काढून पोलादी बाजू बसवल्या गेल्या, वर्ग झाला एक्स-२६सी. म्हणजे मूळ लाकडी रूपातली वाघीण १९४३ च्या गाडीत एखाददुसरी शोभते, दहा ओळीने लावल्या तर खोटं वाटतं. कुठल्या क्रमांकाच्या किती वाघिणी कोणत्या मापाच्या शिल्लक होत्या, हे बघायला तेव्हाचं ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर आहे. जानेवारी १९४३ च्या अंकाचं पुनर्मुद्रण छंदवाल्यांसाठी निघालेलं आहे. डिकॅलवर छापलेला क्रमांक त्यात सापडला नाही तर तो डिकॅल कितीही सुबक असो, बाजूला ठेवायचा.

आता काम. किट प्लॅस्टिकचं, चार बाजू सुट्या. आतली लांबी साडेचाळीस फूट, म्हणजे आपल्या मापात सुमारे १४२ मिलिमीटर. ती बरोबर निघाली. फळ्यांमधल्या खाचा मात्र खोल आणि रुंद. मोजल्या तर ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. ८७ ने गुणा, तेरा मिलिमीटर झाले. दोन फळ्यांत एवढी फट असती तर गहू मुक्कामाला पोचायच्या आधीच रुळांवर पेरला गेला असता! आणि या वाघिणींतून धान्य जायचं, दाराला आतून फळ्या ठोकून. म्हणून दोन्ही बाजूंना पातळ केलेलं पुटी फिरवलं, सुकल्यावर १००० च्या पेपरने ओलं घासलं, आणि मग फक्त चार-पाच ठिकाणी सुईच्या टोकाने खाच पुन्हा किंचित उघडली. आकसलेली फळी सगळीकडे सारखी आकसत नाही. घासताना एका तिरप्या टेक्यावरचे तीन बोल्ट गेले. ते डिकॅल फिल्मवर छापलेल्या रेझिनच्या टिकल्या लावून परत आणले. हा प्रकार नवा असेल त्यांनी जरूर वापरून बघा, फक्त प्रायमरच्या आधी लावा.

टोकाच्या भिंती पन्हळी पोलादाच्या, तीन तुकड्यांच्या, प्रत्येकात पाच पन्हळी. किटमध्ये त्या छान होत्या. हात लावला नाही.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो धरायच्या कड्यांनी, म्हणजे ग्रॅब आयर्नांनी. किटमध्ये त्या बाजूलाच ओतलेल्या होत्या, अर्धा मिलिमीटर जाड. खऱ्या वाघिणीवर एवढी कडी जवळपास पावणेदोन इंच जाड झाली असती, माणसाच्या मुठीतही नीट मावली नसती. खरी कडी पाऊण इंचाच्या आसपास. आपल्या मापात ०.२२ मिलिमीटर, म्हणून मी ०.२५ ची पितळी तार घेतो. ओतलेल्या कड्या छिन्नीच्या पात्याने सपाट तासल्या. सपाट म्हणजे खरोखर सपाट, नाहीतर रंगानंतर जुन्या कडीचं भूत दिसतं. मग पिनवाइसमध्ये (हाताने फिरवायच्या बारीक मुठीत) ०.३ चा ड्रिल. आधी सुईने टोचा मारायचा, नाहीतर ड्रिल फळीच्या खाचेत घसरतो.

कडी वाकवणं सोपं आहे, ती भिंतीपासून किती लांब उभी राहते ते अवघड. १९११ च्या सुरक्षा नियमांत हातासाठी किमान दोन, शक्यतो अडीच इंच मोकळी जागा सांगितली आहे. अडीच इंच म्हणजे ०.७ मिलिमीटर. त्यासाठी ०.७ जाडीच्या स्टायरीनची पट्टी कडीखाली सरकवून ठेवतो, तार तिला टेकेपर्यंत आत ढकलतो, आणि आतल्या बाजूने सुपरग्लूचा थेंब देतो. बाहेरून कधीच नाही. पट्टी काढली की प्रत्येक कडी एकाच अंतरावर. या कामात तिसऱ्या संध्याकाळी एक कडी चिमट्यातून उडाली. ती कुठे गेली हे ज्याला कळेल त्याने मलाही सांगावं.

ब्रेकचं सामान. इथे तारीख पुन्हा आडवी येते. वाघीण बांधली तेव्हा के जातीचा हवेचा ब्रेक होता. सप्टेंबर १९३३ पासून नव्या वाघिणींना त्याच्या पुढचा, एबी जातीचा ब्रेक सक्तीचा झाला. जुन्यांनाही तो बसवायचा होता, पण मुदत वाढत वाढत १९५३ पर्यंत गेली. म्हणजे १९४३ मध्ये दोन्ही चालतात. अशा वेळी फोटो बघायचा. माझ्याकडच्या फोटोत बाजूच्या पट्टीखाली तीन वेगळ्या वस्तू दिसतात: एकीकडे दोन कप्प्यांची टाकी आणि व्हॉल्व्ह, आणि पलीकडे एकटा सिलिंडर. म्हणजे एबी. के मध्ये बहुतेकदा सिलिंडर, टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह एकाला एक चिकटलेले असतात, लांबून एकच लांबट तुकडा वाटतो.

एबी व्हॉल्व्हचा बारका तुकडा किटमध्ये होता, पण कोणती बाजू आत आणि कोणती बाहेर हे सूचनापत्रात नव्हतं. मधल्या ब्रॅकेटला नळ्या जोडतात आणि दोन्ही अंगांना दोन भाग लटकतात, एक रोजच्या ब्रेकचा, एक आणीबाणीचा. हे एकदा डोक्यात बसलं की तुकडा उलटा लागत नाही. मी आधी उलटाच लावला होता. नंतर लिव्हर आणि सळया. या वाघिणीचा मधला कणा माशाच्या पोटासारखा मध्यभागी खोल असल्याने सिलिंडरकडची सळई कण्यातून आरपार जाते. किटमध्ये भोक नाही. ०.५ च्या ड्रिलने पाडलं. वाघीण रुळावर उभी असताना यातलं फार काही दिसत नाही, हे मला माहीत आहे. घरातल्यांनीही ते सांगून झालं आहे.

बोग्या सोप्या होत्या. यूएसआरएच्या मूळ रचनेत अँड्र्यूज बोगी आहे. बाजू ओतीव पोलादाची, पण धुऱ्याच्या पेट्या सुट्या, खालून पट्टीने आवळलेल्या. वरवर बघणाऱ्याला आर्चबारशी गल्लत होते, पण ही १९४० नंतरही चालली. चाकं ३३ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. बाजारातली नेहमीची कोड ११० ची चाकं काढून कोड ८८ घातली (कोड म्हणजे चाकाची रुंदी, इंचाच्या हजारांश भागांत). खरं चाक साधारण पावणेसहा इंच रुंद, आपल्या मापात १.७ मिलिमीटरला थोडं कमी. कोड ८८ भरतं २.२४. म्हणजे तेही जाडच, पण मागून बघताना रुंद टायरची मोटार वाटत नाही एवढं नक्की.

वजनासाठी एनएमआरएचा (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा) सल्ला एचओला एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझी जवळपास ११० ग्रॅमला बसायला हवी होती, रिकामी भरली ४६. शिशाच्या पट्ट्या जमिनीवर दोन्ही बोग्यांच्या वर चिकटवल्या, मग छत बंद केलं.

रंगाबाबत वाद घालणाऱ्यांनी एकदा जॅक डेलानोची रंगीत छायाचित्रं बघावीत. अमेरिकी सरकारसाठी त्याने १९४२-४३ मध्ये शिकागोच्या मालयार्डांत ती काढली, आणि आता ती लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. वरून घेतलेल्या चित्रात शेकडो वाघिणी दिसतात. एखादी नुकतीच रंगवलेली, विटेसारखी, आणि तिच्या शेजारची काजळीने कोळशाएवढी काळी. "वाघिणीचा लाल" असा एक रंग नाहीच. मी तांबूस तपकिरी मारला, त्यात फळीफळीला थोडा करडा किंवा थोडा नारिंगी मिसळून. पोलादी खांब तसेच ठेवले, लाकूड आणि पोलाद एकसारखे जुने होत नाहीत. छतावर आणि वरच्या कडेला काजळी, खाली रुळांची गंजकट धूळ. पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) जास्त झाला, वाघीण आगीतून काढल्यासारखी दिसायला लागली. स्पिरिटच्या फडक्याने निम्मा पुसला, आणि तोच आता सगळ्यात आवडतो.

डिकॅल लावताना या वेळी भिंग हातात होतं. एक युक्ती सांगतो, फुकटची. बाजूवर भारमर्यादा आणि रिकाम्या वाघिणीचं वजन असे दोन आकडे पाउंडांत असतात. पन्नास टनी वाघिणीत त्यांची बेरीज १,६९,००० यायला हवी, कारण त्या धुऱ्यांना रुळावर एकूण तेवढंच पेलण्याची परवानगी होती. चाळीस टनीला १,३६,०००. मी दोन शीटमधून आकडे जुळवले होते: वजन ४५,९००, मर्यादा १,२४,१००. बेरीज १,७०,०००. हजार पाउंड जास्त! चारचा आकडा अजून वाळला नव्हता, तेवढ्यात पकडला. पात्याच्या टोकाने उचलून तीन लावला, मर्यादा १,२३,१०० झाली. फेरवजनाची तारीख ८-४२. फळ्यांच्या खाचांवर डिकॅल पुलासारखा ताणून बसला होता. तिथे नव्या पात्याने खाचेच्या रेषेत कापलं आणि सॉफ्टनर (डिकॅल मऊ करणारा द्राव) तीन वेळा दिला, प्रत्येक वेळी रात्रभर सुकू देऊन. घाई केली की अक्षराच्या कडा सुरकुततात.

अजून बाकी आहे ते असं: छतावरच्या तीन फळ्यांच्या टोकांचे टेके, दाराजवळ खडूच्या दोन-तीन खुणा आणि रिटेनरची (उतारावर ब्रेक धरून ठेवणाऱ्या कळीची) नळी. ही नळी व्हॉल्व्हकडून निघून हँडब्रेकच्या टोकाला वर चढते, उतार लागण्याआधी ब्रेकमनला तिच्यावरची कळ फिरवता यावी म्हणून. मी तार वाकवली, पण टोकाच्या पन्हळींवरून जाताना ती भिंतीपासून हवेत लटकते. फोटोत ती भिंतीला चिकटून, दोन पट्ट्यांनी आवळलेली आहे. त्या पट्ट्या कशाच्या करायच्या तिथे अडलोय. सिगारेटच्या पाकिटातली चांदी फार मऊ पडली. दुसरं काही सुचत असेल तर सांगा, रविवारपर्यंत थांबतो.